उन्हाकडची जागा

सोमा शेजवळ पेनांमधला माणूस, पण त्याच्या शर्टाच्या खिशाला पेन कधी दिसलं नाही. खिशात असायची एक जाड सुई, बुचात टोचून ठेवलेली. नवख्याला वाटायचं, हा शिंपीबिंपी असावा. तो होता टर्नर. घर उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर. सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लेथ मोकळा मिळाला की फुटक्या फाउंटन पेनांना नवे भाग करून द्यायचा. आणि केलेल्या प्रत्येक भागाला आतल्या बाजूनं, आटे संपतात तिथे, त्या सुईनं एक ठिपका टोचायचा. बाहेरून तो दिसायचा नाही. उन्हाकडे धरून आत डोकावलं की दिसायचा, आणि मग समजायचं, हा भाग मूळचा नाही, सोमानं केलेला आहे.

मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, इतकं हुबेहूब करतोस आणि वर स्वतःच चहाडी करून ठेवतोस?"

"पेन आज तुमच्याकडे आहे रामभाऊ. उद्या कोणाकडे जाईल काय सांगावं? त्याला कळायला नको?" तो म्हणाला.

मी बदलापूरच्या एका शाळेत कारकून होतो. नाकावर राग आणि खिशाला चार पेनं, अशी माझी बायको ओळख करून द्यायची. आमच्यासारख्या सात-आठ वेड्यांचा एक अड्डा होता. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या वाटेवर आमच्यातल्याच भगवानची बंद पडलेली पिठाची गिरणी होती, तिच्या ओट्यावर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊला जमायचं. जुनी पेनं आणायची, दाखवायची, विकायची, अदलाबदल करायची. अड्ड्याचा म्होरक्या होतचंदशेठ, उल्हासनगरात वह्यापेनांचं दुकान चालवणारा म्हातारा सिंधी. त्याच्या नजरेला आम्ही सगळे टरकून असायचो. पेन हातात घ्यायचा, अंगठ्यानं घासायचा, नाकाशी न्यायचा आणि सांगायचा, हे कुठलं, किती जुनं, कुठे हात लागलाय.

कायदेही त्यानंच घातलेले. विकणाऱ्यानं पेन रुमालावर ठेवायचं ते उघडं, सगळे भाग सुटे करून. भावाआधी खोट सांगायची, आणि ती स्वतःच्या तोंडानं. पेन एकाच्या हातात असताना दुसऱ्यानं त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. घेणाऱ्याला पसंत पडलं की तो भाग जोडून टोपण लावायचा. टोपण लागलं की व्यवहार झाला आणि त्या पेनावरचं बोलणं संपलं. नंतर कुरकुर नाही, चर्चा नाही, कोणाचीच नाही. आणि सगळ्यात कडक कायदा हा, की एखाद्या पेनाची खोट माहीत असून जो गप्प बसला तो ओट्यावरून उठला. कायमचा.

सोमा पहिल्यांदा आला तो त्र्याऐंशी साली, आमच्यातल्या हिंदुरावांचं दुरुस्त केलेलं पेन परत द्यायला. ओट्याखाली उभा राहिला. हिंदुरावांनी तिथूनच पेन घेतलं. होतचंदनं ते हातात घेऊन आत पाहिलं, ठिपका पाहिला, विचारलं, "ये क्या है?" सोमानं सांगितलं. म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला.

"ऊपर आ भाई. नीचे खडा रह के पेन दिखता है क्या?"

सोमा आमच्याकडे बघत थांबला. कॅम्प चारमधला कामगार, बौद्ध, आणि ओट्यावर आम्ही कोण कोण बसलेले ते त्याला दिसत होतं. होतचंदच्या शेजारी मी होतो. मी सरकलो. जागा द्यायला सरकलो की अंग चोरायला, हे मी मलाच कधी विचारलं नाही. पण सोमा वर येऊन बसला तो नेमका उन्हाकडच्या जागेवर. शेजारची भिंत आणि चिंच यांच्या मधून सकाळी एक तिरीप यायची ती बरोबर तिथे पडायची. नळीच्या आत बघायला त्याच्याइतका चांगला उजेड दुसरा नाही. तेव्हापासून ती सोमाची जागा झाली. टोपण लावायच्या आधी प्रत्येक पेन उन्हाकडे जायचं, सोमा आत बघायचा, आणि तो काय करतो इकडे सगळ्यांचे डोळे लागायचे.

त्यात त्याची एक रीत होती. खोट सापडली तरी तो कधी बोलायचा नाही. खोटीची बाजू वर करून पेन विकणाऱ्याच्याच हातात परत द्यायचा, म्हणायचा, "तुम्हीच बघा एकदा." म्हणजे विकणाऱ्याला तोंड वर ठेवून सांगता यायचं, की अरे हो, इथे तडा आहे, राहिलंच सांगायचं. एकोणनव्वद साली मी एक टोपण विकायला काढलं होतं. त्याची केसाएवढी चीर मी घरी चिकटवली होती आणि, खरं सांगतो, सांगणार नव्हतो. सोमानं चीर वर करून टोपण माझ्या तळहातावर ठेवलं. "रामभाऊ, तुम्हीच बघा एकदा." माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी बोललो. कोणाला काही कळलं नाही. सोमाला कळलं होतं, पण त्यानं पुन्हा तो विषय माझ्याशीसुद्धा काढला नाही.

आता जी गोष्ट सांगतो ती मला शहाण्णव सालच्या डिसेंबरात कळली, तीही सोमाच्याच तोंडून. पण तुम्ही ती आधीच ऐका, म्हणजे त्या दिवशी ओट्यावर काय पणाला लागलं होतं ते कळेल.

चौऱ्याऐंशी साली हिंदुरावांनी सोमाकडे एक जुनं अमेरिकन पेन आणलं होतं. कडक काळ्या रबराचं, अंगभर बारीक लाटांची नक्षी, निब सोन्याची. नळी मात्र उभी फुटलेली. सोमानं तशाच जुन्या रबराच्या काडीतून नळी काढली. नक्षी कोरायला स्वतः एक जुगाड बनवला. आणि जुनं रबर जसं तपकिरी पडतं तसा रंग यावा म्हणून ती नळी महिनाभर घराच्या पत्र्यावर ठेवली. रोज संध्याकाळी जरा जरा फिरवायचा. झाली तेव्हा त्यालाच खरी-खोटी ओळखेना. आणि तिथे त्याच्या डोक्यात वारं शिरलं. त्यानं ठिपका टोचला नाही.

हिंदुरावांना म्हणाला, "आधी दाखवू. होतचंदशेठ ओळखतात का बघू. मग सांगू."

गंमतच होती ती. दोघं रविवारी आले, पेन रुमालावर ठेवलं. हिंदुराव तोंड उघडणार, तोच होतचंदनं झडप घालावी तसं पेन उचललं. असलं पेन तो वीस वर्षं शोधत होता. घासलं, हुंगलं, म्हणाला, "एकदम साबूत!" आणि कोणी खोट सांगायच्या आत, आपलाच कायदा विसरून, त्यानं टोपण लावून टाकलं.

हिंदुरावांनी सोमाकडे पाहिलं. सोमानं हिंदुरावांकडे. परतीच्या वाटेत हिंदुराव एवढंच बोलले, "टोपण लागलं सोमा. आता काय बोलायचं?" पुढच्याच वर्षी ते गावी गेले आणि तिकडेच वारले. गुपित एकट्या सोमाकडे राहिलं, आणि पेन होतचंदच्या खिशाला. दर महिन्याला, सोमाच्या अगदी खांद्याशी.

शहाऐंशी साली शहाडच्या नाथाला आम्ही उठवलं. त्याच्या मित्रानं विकलेल्या पेनाच्या टोपणाची पट्टी दुसऱ्या पेनाची होती, हे नाथाला माहीत होतं आणि तो बोलला नव्हता. नाथानं चपला घातल्या, मागे न बघता गेला. त्या दिवशी सोमाच्या हातातला चहा हिंदकळून रुमालावर सांडला. मी त्याला चिडवलंसुद्धा, "काय शेजवळ, लेथवर हात कापत नाही आणि इथे कापतो?" तो हसला नाही. मला वाटलं, माणूस हळवा आहे.

तर, शहाण्णवचा डिसेंबर. होतचंद दुकान मुलाला देऊन मुलीकडे इंदूरला राहायला निघाला होता. त्याचा शेवटचा रविवार. आयुष्यभर जमवलेल्यातली बारा पेनं त्यानं विकायला काढली होती आणि सुरुवातच त्या लाटांच्या पेनानं केली. माझा जीव बारा वर्षं त्या पेनात अडकलेला. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी आड आलं नाही.

होतचंदनं रुमाल पसरला. निब, नळी, टोपण, एकेक भाग मांडला. मग मान ताठ करून म्हणाला, "खोट कुछ नहीं. ह्या पेनात काहीच खोट नाही. मी स्वतः बघून घेतलं होतं."

मी नळी उचलली. रीतीप्रमाणे ती सोमाकडे दिली. "बघा शेजवळ," मी म्हटलं, उगाच, सवयीनं.

सोमानं नळी उन्हाकडे धरली. एरवी तो दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत बघायचा. त्या दिवशी बघतच राहिला. भगवाननं आणलेल्या चहावर साय धरली. मंदिराकडे जाणारे लोक वाटेनं बोलत जात होते. तडा दिसला असणार, असं मला वाटलं. आता तो नळी फिरवेल आणि म्हणेल, शेठ, तुम्हीच बघा एकदा.

पण हे दाखवायचं कोणाला? होतचंदला तर काही माहीतच नव्हतं. तो खोटं बोलला नव्हता. जो खोट लपवून बसला होता त्याच्याच हातात नळी होती. सोमा एवढंच म्हणाला असता, की ठीक आहे, तर मी टोपण लावलं असतं, म्हातारा मानानं इंदूरला गेला असता आणि जगात कोणाला कधी काही कळलं नसतं. आणि बोलला असता तर त्याच्या डोळ्यावर भरवसा टाकून आम्ही घेतलेलं प्रत्येक पेन संशयात. उन्हाकडची जागाही गेली.

त्याचा हात खिशाकडे गेला. बुचातून सुई निघाली. नळीच्या तोंडात त्यानं ती घातली, अंगठ्यानं दाबली. कट् असा बारीकसा आवाज आला.

"अरे!" भगवान ओरडला. पेन हातात असताना बोलायचं नसतं हेही तो विसरला. "पेनाला भोक पाडतोस?"

सोमानं नळी मला दिली नाही. तिचं तोंड होतचंदकडे केलं, ठिपका उन्हात येईल असं, आणि म्हणाला, "शेठ, ही खूण चौऱ्याऐंशी साली करायची राहिली होती."

त्या ठिपक्याचा अर्थ होतचंदला सांगायला नको होता. तो आत बघत राहिला. मग त्यानं नळी घासली, हुंगली, पुन्हा घासली, पुन्हा हुंगली. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघवेना. आपल्या नाकावरचा आणि डोळ्यांवरचा भरवसा माणूस असा सगळ्यांसमोर तपासतो तेव्हा कुठे बघावं ते कळत नाही.

"हिंदुराव?" त्यानं विचारलं.

"पेन त्यांचं. डोकं माझं. तुम्ही ओळखता का बघायचं होतं. मग सांगणार होतो." सोमानं सगळं सांगितलं. जुगाड, पत्रा, झटकन लागलेलं टोपण. आवाज बारीक होता, पण थांबला नाही.

"बारा साल," होतचंद म्हणाला. "बारा साल तू मेरे बाजू में बैठा. कैसे बैठा रे?"

"दर महिन्याला सांगायचं ठरवून यायचो शेठ. तुमच्या खिशाला ते दिसलं की तोंड उघडायचं नाही."

"क्यूं?"

सोमानं ओट्याच्या फरशीवर, तो बसला होता तिथे, हात ठेवला. "ही जागा गेली असती."

मला संताप आला होता. बारा वर्षं! नाथाला उठवलं तेव्हा हा माणूस इथे बसून चहा सांडत होता! मी फसून ते पेन घेतलं असतं तर? मी तोंड उघडणार इतक्यात माझ्याच तळहातावर मला ते टोपण दिसलं, एकोणनव्वदचं, चीर वर केलेलं. तोंड उघडलं तसंच मिटलं.

भगवान गप्प बसणारा नव्हता, आणि त्याचं चूकही नव्हतं. "नाथाला आपण उठवलं. नियम सगळ्यांना एक. शेठ, तुम्ही बोला."

पण सोमा वाट बघत थांबलाच नाही. त्यानं सुई बुचात टोचली, बूच रुमालावर ठेवलं आणि ओट्यावरून उतरला. खाली उभा राहून चपलेत पाय घालू लागला. घाईत अंगठा पट्ट्यात जाईना.

होतचंदनं नळी रुमालावर ठेवली. बाकीचे भाग पुन्हा नीट मांडले. मग पहिल्यापासून रीत सुरू करावी तसा ताठ बसला आणि माझ्याकडे बघून बोलला, खालचा माणूस ऐकेल एवढ्या मोठ्यानं.

"रामभाऊ, पेनात खोट आहे. मघाशी चुकीचं सांगितलं. नळी मूळची नाही, सोमा शेजवळची आहे. ही एक खोट. दुसरी, घेताना मी खोट विचारलीच नाही. बोलायला टाइमच दिला नाही कोणाला. तिसरी, बारा साल पेन वापरलं, ओळखलं नाही. आता बोल. चाहिए तो ले, नहीं तो रख दे."

भगवान पुन्हा काही म्हणणार होता. त्याचं तोंड उघडलेलं मला दिसलं. नाथाचं नाव येणार, मग वाद होणार, मग हात वर करून मतं घेतली जाणार, आणि सोमा तिथे खाली उभा राहून ते ऐकणार. मला एकच सुचलं. मी निब नळीत फिरवून बसवली. आटे असे फिरले की कुठे अडले नाहीत, कुठे ढिले पडले नाहीत. मग टोपण उचललं आणि लावलं.

"टोपण लागलं," मी म्हटलं.

भगवान माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं मी काय केलं ते. रागानं त्यानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला, पण बोलला नाही. टोपण लागल्यावर त्या पेनावर, त्याच्या खोटीवर, खोट कोणाची यावर कोणालाच बोलता येत नव्हतं. चौऱ्याऐंशी साली ज्या कायद्यानं सोमाचं तोंड बंद केलं, त्याच कायद्यानं आज मी भगवानचं केलं होतं. हे बरोबर केलं का, मला अजून नक्की सांगता येत नाही. नाथाला तर कधीच सांगता येणार नाही. नंतर एकदा तो शहाड स्टेशनवर दिसला तेव्हा मी दुसरीकडे बघितलं.

होतचंदनं दुसरं पेन रुमालावर घेतलं. त्याचे भाग सुटे केले. अकरा अजून बाकी होती. त्यानं एक नळी हातात धरली, डोळ्यांशी नेली, मग खाली घेतली.

सोमाच्या चपला एकदाच्या पायात गेल्या होत्या. तो जायला वळला होता.

"सोमा." म्हाताऱ्यानं हाक मारली. "ऊपर आ भाई. नीचे खडा रह के पेन दिखता है क्या?"

सोमा मागे फिरला. लेथवर हात न कापणारा तो माणूस दोन्ही हातांनी तोंड पुसत होता. चपला काढून तो ओट्यापाशी आला आणि थांबला, कारण या सगळ्या भानगडीत दहा वाजून गेले होते आणि ऊन सरकलं होतं. त्याच्या जागेवर सावली आली होती. तिरीप आता माझ्या मांडीवर पडत होती.

मी उठलो. बुचातली सुई उचलून त्याच्या हातात दिली आणि सावलीत जाऊन बसलो.